फिरत्या चकतीची कुळकथा

पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या, एक मोठी, एक लहान. दोन्हींच्या कडेला अक्षरं आणि मधोमध टाचणी. मुलांना गुप्तलेखन शिकवायचं हे घरगुती साधन. त्याचा मूळपुरुष मात्र तांब्याचा होता.

त्याचा कर्ता लिऑन बतिस्ता अल्बर्ती हा फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चची दर्शनी बाजू रचणारा वास्तुकार. पोपचा सचिव लिओनार्दो दातो याच्याशी व्हॅटिकनच्या बागेत झालेल्या गप्पांतून त्यानं १४६६च्या सुमारास गुप्तलेखनावर छोटा ग्रंथ लिहिला आणि त्यात ही चकती सांगितली. बाहेरची स्थिर, आतली फिरती. दोन्हींवर चोवीस-चोवीस घरं.

गुप्तलेखन तेव्हा नवं नव्हतं. ज्युलियस सीझर प्रत्येक अक्षराऐवजी तीन घरं पुढचं अक्षर लिहीत असे. पण कुठल्याही भाषेत काही अक्षरं वारंवार येतात. ती मोजली की बिंग फुटतं, हे नवव्या शतकातच बगदादच्या अल-किंदीनं दाखवलं होतं. अल्बर्तीनं यावर तोड काढली: दर तीन-चार शब्दांनी आतली चकती फिरवायची. मग एकच अक्षर दर वेळी नव्या वेशात येतं आणि मोजणाऱ्याचा हिशेब चुकतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी अशा चकत्या वापरल्या. १९३५पासून ‘लिटल ऑर्फन ॲनी’ या नभोनाट्याच्या बालश्रोत्यांना ओव्हल्टीनचा डबा घेतल्याच्या पुराव्यावर संकेत उलगडणारा बिल्ला मिळू लागला. सैन्यातलं हत्यार खेळण्यांत आलं ते असं.

देवनागरीला तर ही चकती फार सोयीची. ‘क’पासून ‘ळ’पर्यंत चौतीस व्यंजनं, त्यांत क्ष आणि ज्ञ धरले की छत्तीस, म्हणजे कोनमापकानं दहा-दहा अंशांवर रेघा आखल्या की झालं. स्वर आणि काना-मात्रा तशाच ठेवायच्या. तीन घरं सरकवली की ‘पाटी’ची ‘भाढी’ होते.

बहुतेक ठिकाणी शिकवणी इथेच थांबते. चकती एकदाच लावून ठेवली, तर ती सीझरचीच जुनी रीत. पस्तीस जागा तपासल्या की कुणीही ती फोडेल. म्हणून मुलांना आधी ती फोडायला द्या, मग चिठ्ठीच्या मध्येच चकती फिरवायला सांगा. अल्बर्तीची खरी करामत चकतीत नव्हे, त्या फिरवण्यात आहे.