देवळालीच्या मास्तरांची सतरा अंकी संख्या

नऊ एक्के ओळीने मांडले की अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा होतात. त्यांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. आकडे एकापासून नवापर्यंत चढतात आणि तितक्याच शिस्तीत उतरतात. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तरकी केलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना अशा संख्यांचं वेड होतं.

त्यांनी या कुळाला नाव दिलं ते चक्क रेल्वे स्थानकाचं: डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला होता. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांचा ‘अद्भुत डेमलो संख्यां’वरचा लेख आला. दहा वर्षांनी याच विषयावरचं पुस्तक त्यांनी देवळालीहून स्वतःच छापलं. पदरमोड करून गणित छापणारा शाळामास्तर ही तेव्हाही दुर्मीळच गोष्ट.

यातली गंमत कळायला पाटी-पेन्सिल पुरते. १११ ला १११ ने गुणताना १११ च तीनदा लिहायचे, दर ओळीला एक घर डावीकडे सरकवून. उभी बेरीज घेतली की १२३२१. नऊ एक्क्यांपर्यंत मधल्या रकान्यात फार तर नऊच जमतात, म्हणून हातचा येत नाही. दहावा एक्का आला की हातचा येतो आणि सगळा डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

सतरा अंकी संख्येत आणखी एक गोष्ट दडली आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. उत्तर १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटलं होतं. म्हणजे त्यांनी नावारूपाला आणलेली दोन कुळं इथे एकत्र नांदतात.

अनेक गणितज्ञांना हा सगळा पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले. आज त्यांचं नाव निघतं ते बहुधा ६१७४ या त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्येमुळे. डेमलो मागेच राहिल्या.

देवळालीचं नावही गणितात गेलं. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवायचे: २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. अशा रीतीने कुठल्याच संख्येपासून जी मिळत नाही, ती स्वयंभू किंवा देवळाली संख्या, जशी २०. निवृत्तीनंतर, १९६३ साली, कापरेकरांनी या संख्यांवरची पुस्तिका देवळालीतूनच काढली. १९६३ ला जन्म देणारी संख्या शोधायला बसलं, तर १९३५ पासून १९६२ पर्यंत एकही सापडत नाही, आणि त्याआधीची कुठलीही तिथवर पोचत नाही. पुस्तिकेचं सालही देवळाली संख्याच आहे.