भाडेपट्टा म्हणजे नेमकं काय?

भाडेपट्टा म्हटलं की मुदत संपेपर्यंत जागा आपल्या ताब्यात, बाकीच्यांनी बाहेर राहायचं, असंच आपण धरून चालतो ना? ऑस्ट्रेलियातले गुरंवालेही तेच म्हणत होते. फक्त त्यांच्या 'जागे'त हजारो वर्षांपासून माणसं राहत होती.

१९९२ च्या माबो खटल्यात तिथल्या हायकोर्टाने (त्यांचं सुप्रीम कोर्ट तेच) मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क पहिल्यांदा मान्य केला. मग पुढचा प्रश्न आलाच. देशाचा सुमारे ४२ टक्के भाग सरकारने चराईच्या पट्ट्यांवर दिलेला. तिथे हा हक्क उरला की संपला?

१९९३ मध्ये क्वीन्सलँडच्या केप यॉर्कमधले विक लोक कोर्टात गेले. वादात दोन पट्टे होते, मिचेल्टन आणि हॉलरॉइड. गंमत म्हणजे मिचेल्टनच्या पट्टेदारांनी १९१५ आणि १९१९ मध्ये पट्टे घेतले, पण जमिनीचा ताबा कधी घेतलाच नाही! नुसत्या कागदावरच्या पट्ट्याने तिथल्या माणसांचा हक्क पुसला गेला, असं सरकारचं म्हणणं.

खरं तर लंडनहून अर्ल ग्रे यांनी १८४८ मध्येच कळवलं होतं की हे पट्टे फक्त चराईसाठी आहेत, मूळ लोकांची शिकार आणि वावर त्याने बंद होत नाही. तिकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

२३ डिसेंबर १९९६ ला निकाल लागला, ४ विरुद्ध ३. हे पट्टे खास कायद्यातून जन्मले, नावात 'लीज' आहे म्हणून पूर्ण ताबा मिळत नाही, असं बहुमताने ठरवलं. (फंक्शनचं नाव वाचून थांबू नका, आत काय लिहिलंय ते बघा, असं आम्ही ज्युनियर्सना सांगतो. तसंच काहीसं.) पण जिथे दोन्ही हक्क एकमेकांना आडवे येतील, तिथे पट्टेदाराचं चालेल, हेही त्यातच होतं. म्हणजे गुरांना धक्का नव्हता. विरोधात मत देणाऱ्यांत सरन्यायाधीश ब्रेनन होते, ज्यांनी माबोचा मुख्य निकाल लिहिला होता!

तरी बोंबाबोंब झालीच. १९९७ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड टीव्हीवर नकाशा दाखवून म्हणाले की ७८ टक्के जमिनीवर मूळ रहिवाशांचा नकाराधिकार येऊ शकतो. कोर्टाने असं काही म्हटलंच नव्हतं. पण १९९८ ची कायदादुरुस्ती झाली, पट्टेदारांना शेतीचीही मोकळीक मिळाली आणि पट्ट्याच्या जमिनीवर खाणींबाबत वाटाघाटी करण्याचा मूळ लोकांचा हक्क आक्रसला.

विक लोकांच्या जमिनींवरचा हक्क २००० ते २०१२ या काळात तुकड्यातुकड्याने मान्य झाला. पहिल्या अर्जापासून मोजलं तर १९ वर्षं.