काळ्यांची पुस्तकं कुठल्या फळीवर?

लायब्ररीत भेदभाव नसणार असं आपल्याला वाटतं. पुस्तकाला कसली आलीय जात? पण पुस्तकालाही नंबर असतो, आणि तो नंबर देणारा हात कुणाचा तरी असतो.

गिरणीची गोष्ट आठवा. आपल्या आज्यापणज्यांना साचाखात्यात घेत नव्हते. धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपलं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल उघड मांडला. साचाखात्यात पगार जास्त होता. म्हणजे खातं ठरलं की भाकरी ठरली.

पुस्तकांचीही अशीच खाती आहेत. अमेरिकेत मेल्विल ड्यूई नावाच्या गोऱ्या माणसानं १८७६ साली सगळ्या ज्ञानाची दहा खाती पाडली आणि प्रत्येकाला आकडे दिले. त्यात ३२५ म्हणजे वसाहती, ३२६ म्हणजे गुलामगिरी. काळ्या माणसानं काहीही लिहावं, कविता लिहावी, इतिहास लिहावा, गोऱ्यांच्या लायब्ररीत त्याचं पुस्तक बऱ्याचदा या दोन आकड्यांतच जाऊन पडायचं. कवितेच्या फळीवर शोधणाऱ्याला तो कवी सापडायचाच नाही. गुलामी १८६५ साली कायद्यानं संपली, पण फळीवर ती चालूच राहिली.

हे मोडलं एका काळ्या बाईनं. डॉरथी पोर्टर तिचं नाव. वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली निघालं, ते काळ्यांच्या शिक्षणासाठी. तिथं जेसी मूरलंड या काळ्या पाद्र्यानं १९१४ साली आपला पुस्तकांचा संग्रह देऊन टाकला. सुमारे तीन हजार चिजा होत्या. १९३० साली हा ठेवा डॉरथीबाईंच्या ताब्यात आला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथूनच बाईंनी पुढं ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली.

हातात पैसा जवळजवळ नव्हता. म्हणून बाई प्रकाशकांना, पुस्तकविक्यांना पत्रं घालायच्या, फुकट मागायच्या. लोकांच्या घरातले कागद मिळवायच्या. पत्रं, पत्रकं, वर्तमानपत्रं, जे लोकांना रद्दी वाटे ते त्यांना सोनं वाटे. १९४६ साली आर्थर स्पिंगार्न या गोऱ्या वकिलाचा मोठा संग्रह विद्यापीठानं घेतला. त्यात देशोदेशीच्या काळ्या लेखकांची पुस्तकं होती, अनेक भाषांतली.

आणि बाईंनी ते ३२५-३२६ चं कुंपण तोडलं. काव्य काव्यात, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात लावलं. लेखकाच्या नावानं पुस्तक सापडू लागलं. काळा माणूस म्हणजे नुसता 'प्रश्न' नाही, तो कवी आहे, विद्वान आहे, हे त्यांनी भाषण न ठोकता, फळी लावून सांगितलं. १९७३ पर्यंत, त्रेचाळीस वर्षं, हे काम केलं. आज त्या ठेव्याला मूरलंड-स्पिंगार्न केंद्र म्हणतात.

अशा ठेव्याशी आपलंही नातं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढं निवेदन ठेवलं होतं, त्याच्या प्रती मागितल्या. ३१ जुलै १९४६ ला द्यु बॉयचं उत्तर आलं. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लायब्ररीत द्यु बॉयच्या कागदांत जपलेला आहे. कुणीतरी ते कागद फेकले नाहीत, म्हणून दोन अस्पृश्य समाज एकमेकांशी काय बोलले ते आपल्याला कळतं.

आता आपल्या वस्तीकडं बघा. जलशाची वही, मोर्च्याचं पत्रक, वर्गणीची पावती, सायक्लोस्टाइलचा अंक. या अंकाची शाई उडून जाणारी आहे, कागद पिवळा पडणारा आहे. म्हातारा गेला की त्याची पत्र्याची पेटी भंगारात जाते. पेटीबरोबर इतिहास जातो. मग उद्या कुणीतरी परका येईल, आपल्याला एका आकड्यात कोंबेल, आणि आपल्याकडं दाखवायला कागद नसेल.

म्हणून सांगतो, प्रत्येक वस्तीत एक कपाट करा. कागदावर तारीख घाला, नाव घाला, गाव घाला. कवितेला कविता म्हणा, इतिहासाला इतिहास म्हणा. आपलं खातं आपण लावू.