आलूव्हीलचा ओक आणि त्याचे टेकू

केळीचा लोंगर भरू लागला की वाडीतला माणूस कुणाचा सल्ला घ्यायला जात नाही. बेचके असलेला एखादा दांडा शोधतो, तो लोंगराखाली तिरका रोवतो आणि पुढच्या कामाला लागतो. केळीचे आयुष्य ते किती! लोंगर उतरला की टेकूही निघतो आणि केळही. परंतु ज्या झाडाने आपल्या पणजोबांना सावली दिली, त्याची फांदी कलू लागली म्हणजे मात्र आमच्या हाती पहिल्यांदा येते ती कुऱ्हाड. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका धर्मग्रामात हेच घडले. चर्चच्या आवारातील जुन्या चिंचेची एक फांदी पावसाळ्यात कोसळली. सुदैवाने खाली कुणी नव्हते. सभा भरली, चर्चा झाली आणि झाड तोडण्याचे ठरले. त्या सभेत एका वृद्ध बागायतदाराने उठून विचारले होते, ‘‘टेकू देऊन, बांधून नाही का ठेवता येणार?’’ सभा हसली. आम्हीही हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे वाचनात काही गोष्टी आल्या आणि तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता हे उमगले. म्हणून हा लेखनप्रपंच.

फ्रान्सच्या उत्तरेस नॉर्मंडी प्रांतात, को नावाच्या पठारी मुलखात, आलूव्हील-बेलफॉस हे एक लहानसे खेडे आहे. या गावच्या चर्चशेजारी एक ओक वृक्ष उभा आहे. त्याच्या बुंध्याचा तळाशी घेर सुमारे १५ मीटर. वय नक्की सांगता येत नाही, कारण ज्या गाभ्यातील वर्तुळे मोजून झाडाचे वय काढतात तो गाभाच शिल्लक नाही. इ. स. ९११ मध्ये नॉर्मंडीची जहागीर स्थापन झाली त्या वेळी हे झाड लावले गेले, अशी गावची परंपरा आहे. १०६६ मध्ये इंग्लंडवर स्वारी करण्यापूर्वी विल्यम राजा याच झाडापाशी गुडघे टेकून गेला, असेही गावकरी सांगतात. अभ्यासक आठशे ते बाराशे वर्षे असे निरनिराळे अंदाज करतात. जुन्या झाडांना राजे-महाराजे आपोआप चिकटतात, तेव्हा विल्यमची कथा आपण बाजूला ठेवू. झाड अतिशय जुने आहे, एवढे पुरेसे आहे.

हे झाड पोकळ कसे झाले? वीज पडून आतला गाभा जळाला, असे परंपरा सांगते. वीज पडो न पडो, शतके ओलांडलेला ओक बहुधा आतून पोखरला जातोच. बुरशी आपले काम शांतपणे करीत असते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गावचे धर्मगुरू आबे द्यु देत्रुआ यांनी त्या पोकळीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. झाडाच्या पोटात त्यांनी शांतीची माता पवित्र मरिया हिच्या नावाने एक चिमुकले देवालय उभारले. त्याच्या वर आणखी एक खोली आहे, तिला ‘संन्याशाची खोली’ म्हणतात. बुंध्याला वळसा घालीत एक लाकडी जिना वर चढतो. आत मोजकीच माणसे मावतात. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, १५ ऑगस्ट रोजी, येथे यात्रेकरू जमतात.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात हे देवालय जवळजवळ राखेत गेले होते. चर्चची मालमत्ता जप्त होत होती, घंटा वितळवल्या जात होत्या, मूर्ती फोडल्या जात होत्या. देवालय पोटात वागवणारे झाड म्हणजे क्रांतिकारकांच्या डोळ्यांत सलणारे कुसळच! झाड जाळण्यासाठी जमाव चालून आला, तेव्हा गावच्या शाळामास्तरांनी झाडावर एक फळी ठोकली आणि तिच्यावर लिहिले: ‘बुद्धीचे मंदिर’. त्या दिवसांत पॅरिसमधील नोत्र दाम या महामंदिरालाही हेच नाव देण्यात आले होते. त्यामुळे जमावाला बोलायला जागा उरली नाही. गावाने जपून ठेवलेली ही आठवण आहे. मास्तरांनी दिलेला हा त्या झाडाला पहिला टेकू म्हणावा का? आम्हाला तसे म्हणण्याचा मोह होतो.

खरे टेकू नंतर आले. ते का लागले हे समजून घेण्यासाठी झाडाच्या अंगाची थोडी माहिती हवी. झाडाचा जिवंत भाग म्हणजे साल आणि सालीलगतचे नवे लाकूड. मधला गाभा झाडाला ताठ उभे राहण्यास मदत करतो, परंतु तो नाहीसा झाला म्हणून झाड मरत नाही. बांबू पोकळ असून वादळात टिकतो, तसेच हे. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील शास्त्रज्ञ क्लाउस माटहेक यांनी अनेक उभ्या व मोडलेल्या झाडांची मापे घेऊन असे दाखवले, की भोवतालची निरोगी भिंत त्रिज्येच्या सुमारे ३० टक्क्यांहून पातळ झाली म्हणजे मोडण्याचा धोका वाढतो. पण हा हिशेब अखंड नळीचा आहे. नळीला उभी चीर पडली, भोक पडले की तिचे बळ झपाट्याने घटते. आलूव्हीलच्या ओकच्या बुंध्याला तर देवालयात शिरण्याचे दारच आहे! शिवाय एका बाजूची साल शतकानुशतके झडत गेली. उघडे पडलेले लाकूड पावसाने कुजू नये म्हणून त्यावर छपरावर बसवतात तशा लाकडी चिपा खवल्यांसारख्या बसवल्या आहेत. दुरून पाहणाऱ्याला झाडाने चिलखत घातल्यासारखे वाटते. फांद्यांचा भार पेलण्यासाठी लाकडी खांब उभे केले. १९३२ मध्ये फ्रेंच सरकारने या झाडाला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. गढी-किल्ल्यांच्या यादीत एक जिवंत झाड जाऊन बसले. तरीही त्याची भिंत खचतच राहिली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते कोसळणार अशी भीती निर्माण झाली. तेव्हा मोठे दुरुस्तीकाम हाती घेऊन ते पोलादी आधारांवर तोलण्यात आले. त्याआधी १९८१ मध्येच सर्ज पेनार या दिग्दर्शकाने या झाडावर एक विनोदी चित्रपट काढला होता. रस्त्यासाठी झाड तोडायला निघालेल्यांविरुद्ध गाव उभे राहते, अशी त्याची कथा.

झाडे बांधण्याची कला मात्र एका गावाची नाही. इंग्लंडच्या शेरवुड जंगलातील ‘मेजर ओक’ हे दुसरे प्रसिद्ध उदाहरण. मेजर हेमन रूक यांनी १७९० मध्ये आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. १९०८ मध्ये त्याच्या फांद्यांना लोखंडी पट्टे व साखळ्या घातल्या गेल्या. १९७० च्या दशकात लाकडी टेकू दिले गेले आणि पुढे त्यांच्या जागी पोलादी खांब आले. रॉबिन हुडच्या कथेमुळे लाखो लोक ते झाड पाहायला येत, आणि त्यांच्याच पायांनी मुळांवरची माती दगडासारखी घट्ट होऊन पाणी मुरेनासे झाले. शेवटी कुंपण घालावे लागले. प्रेमानेही झाडाचा जीव घुसमटतो तो असा.

अमेरिकेत या कामाला व्यवसायाचे रूप दिले ते जॉन डेव्ही यांनी. १८४६ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात जन्मलेला हा माणूस १८७३ मध्ये अमेरिकेत गेला आणि पुढे ओहायो राज्यातील केंट गावी दफनभूमीची निगा राखू लागला. कबरींवर सावली धरणाऱ्या झाडांची शुश्रूषा करता करता त्यांनी जे शिकले ते १९०१ मध्ये ‘झाडांचा वैद्य’ अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्या पिढीचा एक आवडता उपाय म्हणजे पोकळी खरवडून स्वच्छ करणे आणि दंतवैद्य दात भरतो तशी ती सिमेंटने भरणे. हा उपाय चुकीचा ठरला. झाड वाऱ्यावर हलते, सिमेंट हलत नाही. दोहोंच्या मध्ये फट पडते, तिच्यात पाणी साचते. पुढे अमेरिकन वनखात्यातील अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात आपला सिद्धान्त मांडला. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत बांधते आणि ती जागा कायमची वेगळी काढते. पोकळी खरवडणारे हात नेमकी तीच भिंत फोडत होते! चांगल्या हेतूने इतकी वर्षे चाललेले हे काम थांबवायला त्यानंतरच सुरुवात झाली.

मग बांधायचे कसे? बहुतेक मोठी झाडे फाटतात ती बेचक्यात. दोन सारख्या जाडीची खोडे एकाच ठिकाणाहून वर गेली आणि त्यांच्यामध्ये साल दबून राहिली, की तो सांधा दिसायला भक्कम पण आतून चिकटलेलाच नसतो. अशा दोन खोडांना बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीवर पोलादी तारेच्या दोराने जोडतात. उंचावर बांधल्याने थोड्या बळात जास्त आधार मिळतो. बेचके आधीच चिरले असेल तर खोडातून आरपार सळई घालून नटांनी आवळतात. खोडाला भोक पाडणे ऐकायला क्रूर वाटते. परंतु भोवती आवळलेला पट्टा त्याहून वाईट, कारण झाड जाड होत जाते आणि पट्टा त्याच्या गळ्याचा फास होतो. १९९० च्या दशकात जर्मनीतून वेगळी पद्धत आली. पोलादाऐवजी थोडे ताणले जाणारे कृत्रिम धाग्यांचे दोर वापरायचे आणि खोडाला भोक पाडायचेच नाही. झाडाला नेहमीसारखे डुलू द्यायचे, फक्त वादळाच्या झोताला आवरायचे. यामागे कारण आहे. वाऱ्याने हलल्यामुळेच झाड आपले लाकूड जाड करते. त्याला पूर्ण जखडले, तर ते स्वतःचे बळ वाढवणे थांबवते आणि मग दोर कधीच सोडता येत नाही. दोर बांधला की काम संपले असेही नाही. माणसाने ठराविक काळाने वर चढून तो तपासावा लागतो. आमच्याकडे चुकते ते बहुधा येथेच. बांधायला सगळे येतात, तपासायला कुणी नाही.

प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. अॅमस्टरडॅममध्ये अॅन फ्रँक ही ज्यू मुलगी ज्या घरात लपून राहिली होती, त्याच्या मागे एक चेस्टनटचे झाड होते. माळ्यावरच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या झाडाचा उल्लेख तिच्या रोजनिशीत तीनदा आला आहे. झाडाला बुरशी लागली, २००७ मध्ये ते तोडायचे ठरले, नागरिक न्यायालयात गेले, तोडणे थांबले आणि २००८ मध्ये झाडाभोवती पोलादी सांगाडा उभारला गेला. २३ ऑगस्ट २०१० रोजी वादळात ते झाड जमिनीपासून सुमारे एक मीटरवर मोडले. कुणाला इजा झाली नाही. मग पैसा वाया गेला का? तसे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हाला वाटते, झाडाला दोन उन्हाळे अधिक मिळाले. आणि त्याच्या बियांची रोपे तोवर अनेक देशांकडे रवाना होऊ लागली होती.

आपल्या देशात वडाने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवलेला आहे. तो स्वतःचे टेकू स्वतःच सोडतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील महावटाला १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांचा तडाखा बसला, पुढे मूळ खोड बुरशीने कुजले आणि १९२५ मध्ये ते काढून टाकावे लागले. झाड मात्र हजारो पारंब्यांवर उभे राहिले. तेलंगणातील महबूबनगरजवळचा ‘पिल्ललमर्री’ वड वाळवीने पोखरला, तेव्हा २०१८ मध्ये त्याला रुग्णासारखी औषधाची सलाइन लावून फांद्यांखाली आधार उभारले. चिंचेला पारंब्या नाहीत. तिचे टेकू कुणी दुसऱ्याने द्यायचे असतात.

ती चिंच आम्ही तोडली त्या दिवशी तिचा बुंधा आतून पोकळ निघाला. ‘‘बघा, तोडली ते बरेच झाले,’’ असे जो तो म्हणाला. बागायतदार आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी वाकून भिंतीची जाडी वितीने मोजली. ती दोन विती भरली. त्या वेळी आम्हाला त्या मापाचा अर्थ कळला नव्हता.