सहक्षेपण

इंग्रजी ‘रिले’ हा शब्द मुळांत शिकारीचा व घोड्यांचा. थकलेल्या जनावरांच्या जागीं वाटेंत ताजीं जनावरें घ्यावयाचीं, ही ती पद्धति. मराठवाड्यास ती अपरिचित नव्हती. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास देवगिरीस राजधानी नेली. पुढें इब्न बतूता त्या वाटेनें गेला, तेव्हां दिल्ली ते दौलताबाद रस्त्यावर दर मैलास डाकेच्या तीन चौक्या असल्याचें त्यानें लिहिलें आहे. घुंगरांची काठी वाजली, कीं पुढचा हरकारा सज्ज होई. हरकारा बदले; पत्र तेंच राही.

नभोवाणींतील सहक्षेपण याच जातीचें. एका केंद्राचा कार्यक्रम घ्यावयाचा, क्षीण झालेल्या ध्वनीस नवें बळ द्यावयाचें आणि तो आपल्या लहरींवर सोडावयाचा. शब्द एकही बदलावयाचा नाहीं. पूर्वीं हा कार्यक्रम टेलिफोनच्या तारांवरून किंवा लघुलहरींवरून घेत; पुढें उपग्रह आले. कोणी यास पुनःप्रक्षेपण म्हणतात. पण त्यानें कार्यक्रम मागाहून पुन्हा लावल्याचा भास होतो. पुण्याचें सकाळचें प्रादेशिक वार्तापत्र इतर केंद्रांवरून त्याच क्षणीं ऐकूं येतें, म्हणून ‘सह’ हेंच उपपद नेमकें.

नांदेड आणि तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत असलेलें लातूर हीं दोन्ही निजामाच्या राज्यांत. तेथील सरकारी आवाज हैद्राबादच्या ‘डेक्कन रेडियो’चा. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें आपली शरणागति याच नभोवाणीवरून जाहीर केली. १ एप्रिल १९५० रोजीं हैद्राबाद व औरंगाबाद हीं केंद्रें ‘ऑल इंडिया रेडियो’कडे आलीं. १९६८ मध्यें परभणीचें केंद्र निघालें. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर जात असल्यानें आसपासच्या जिल्ह्यांची त्यानें मोठीच सोय झाली. नांदेडचें केंद्र मागाहूनचें, एफ्. एम्. लहरींचें. या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहींत, परंतु त्या केंद्रास स्वतःचा ध्वनिग्राहक आहे, आणि हा भेद लहान नव्हे.

कारण सहक्षेपणाची वाट एकाच दिशेची. पुण्याचा शब्द त्या वाटेनें लातुरास येतो. लातूरचा पुण्यास जात नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला व सुमारें दहा हजार माणसें मेलीं. बाहेरचा आवाज त्या खेड्यांत वर्षानुवर्षें पोंचत होता. त्या पहाटेचा तेथला आक्रोश बाहेर नेणें मात्र सहक्षेपणाच्या यंत्राच्या रचनेंतच नव्हतें.