सीनेचे दोन काठ



करमाळ्यात नदीचा विषय निघाला की बोट भीमेकडेच वळते. ते स्वाभाविकही आहे. भीमाशंकराच्या डोंगरातून येणारी ती मोठी नदी. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि आपल्या तालुक्यातील कित्येक गावे तिच्या जलाशयाखाली गेली. परंतु आपला तालुका दोन नद्यांमधला आहे. पश्चिमेस भीमा, पूर्वेस सीना. आणि मधल्या उंच माळावरून पावसाचे पाणी दोघींकडे वाटले जाते. कमलाभवानीच्या देवळापाशी पाण्यासाठी ९६ पायऱ्यांची विहीर का खोदावी लागली, याचे उत्तर या उंचवट्यात आहे.

सीनेचा उगम अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या डोंगराळ मुलखातला. तिचा एक प्रवाह जामगावकडून येतो, दुसरा जेऊरकडून. हे जेऊर नगरजवळचे, आपल्या तालुक्यातले निराळे. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने राजधानी वसविण्यास घेतली ती याच लहानशा नदीच्या काठी.

पुढे इंग्रजी अमदानीत या नदीवर विलक्षण प्रसंग आला. अलीकडचे करमाळे मुंबई इलाख्यात, तर पलीकडचे परांडे निजामाच्या राज्यात! भाषा एक, पीक एक, सोयरीक एक. सरकारे मात्र दोन. १९४८ साली निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० साली दोन्ही काठ महाराष्ट्राचे झाले. माणसांनी आखलेली सरहद्द पुसली गेली. नदी होती तेथेच राहिली.

हीच सीना दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडल येथे भीमेस मिळते. तेथील संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांपैकी तो एक. जो वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय.

वाचावयाचे ते केवळ दगडावरचेच नव्हे. वर्षातील बरेच महिने रोडावलेली सीना २०२५ च्या सप्टेंबरात करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतील शेतांत आणि घरांत शिरली. कोरडे दिसणारे पात्र रिकामे नसते; ती नदीची राखून ठेवलेली जागा असते. ती जागा ओळखणे आणि मोकळी ठेवणे, हाही वारसा जपण्याचाच भाग होय.