कोल्हापूरचे वायल्डर कुटुंब : परक्या गावी रुजलेले एक मिशनरी घर

मिशनरी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर धर्मगुरू, धर्मबंधू वा धर्मभगिनी उभ्या राहतात. कॅथोलिक परंपरेत दूरदेशी सुवार्ता नेण्याचे कार्य प्रामुख्याने व्रतस्थ स्त्रीपुरुषांनी केले, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे. परंतु दक्षिण महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात निराळ्या प्रकारचे मिशनरीही आले. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते आणि आपली पत्नी व मुलेबाळे यांच्यासह येथे राहावयास आले होते. कोल्हापुरातील वायल्डर कुटुंब हे त्यांतील आरंभीचे व महत्त्वाचे कुटुंब होय. परक्या गावी एखादे कुटुंब कसे रुजते, त्यासाठी त्याला काय द्यावे लागते आणि त्यातून मागे काय उरते, याचा परिचय आम्ही प्रस्तुत लेखात करून देत आहोत.

तत्कालीन कोल्हापूर

आज कोल्हापूर शहर चहूबाजूंनी वाढले आहे. करवीर तालुक्यातील कळंबा हे तलावासाठी आणि मध्यवर्ती कारागृहासाठी ओळखले जाणारे गाव शहराला येऊन मिळाले आहे. १८५२ साली चित्र वेगळे होते. कोल्हापूर हे एका संस्थानाच्या राजधानीचे पण आटोपशीर गाव होते आणि भोवती शेतीवर जगणारी खेडी पसरलेली होती. कळंब्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात येण्यास अद्याप अवकाश होता. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली. तोपर्यंत बाहेरच्या माणसाला येथे पोहोचायचे तर बैलगाडीने, घोड्यावरून किंवा पायीच यावे लागे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाला जेमतेम आठ वर्षे झाली होती. कंपनी सरकारविषयी लोकांच्या मनात संशय होता आणि गोऱ्या माणसाकडे त्याच संशयाने पाहिले जाणे साहजिक होते.

अहमदनगरहून कोल्हापूरला

रेव्हरंड रॉयल गुल्ड वायल्डर यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ब्रिडपोर्ट या गावी झाला. मिडलबरी महाविद्यालय व अँडोव्हर येथील धर्मशिक्षण संस्था येथे त्यांनी अध्ययन केले. १८४६ साली ते पत्नी एलायझा यांच्यासह हिंदुस्थानात आले. सुवेझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता, त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने होणारा हा प्रवास कित्येक महिन्यांचा असे. माहेर किंवा जन्मगाव पुन्हा दिसेल, याची खात्री निघताना कोणालाच नसे.

या दांपत्याची पहिली सहा वर्षे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मिशनमध्ये गेली. हा काळ महत्त्वाचा ठरला. तेथे ते मराठी भाषेत रुळले आणि आसपासच्या खेड्यांतून त्यांनी शाळा सुरू केल्या. त्यामुळे १८५२ च्या अखेरीस ते कोल्हापुरात आले तेव्हा लोकांशी बोलण्यासाठी दुभाष्याची गरज नव्हती. भाषा आधी आणि गाव नंतर, हा क्रम येथे ध्यानात घेण्याजोगा आहे.

घर आणि शाळा

कोल्हापुरात त्यांच्या मिशनचे दुसरे कोणीही नव्हते. शेजारी आपल्या पंथाचे घर नाही, आजारपणात धावून येणारा सहकारी नाही, अशा स्थितीत या कुटुंबाने येथे पहिली पाच वर्षे काढली. लोकांशी त्यांचा संबंध जुळला तो मुख्यत्वे शाळांच्या द्वारे. प्रवचन ऐकण्यास न येणारा माणूसही आपल्या मुलाला अक्षरओळख व्हावी म्हणून शाळेच्या दारापर्यंत येत असे.

येथेच कुटुंबाचे महत्त्व दिसून येते. त्या काळच्या रीतीप्रमाणे परक्या पुरुषाला घरच्या स्त्रियांशी बोलणे शक्य नव्हते. मुलींना शाळेत पाठवण्याची कल्पनाच बहुतेक घरांत नवी होती. अशा वेळी संसार करणारी, मुले वाढवणारी स्त्री जे संवादाचे दार उघडू शकते, ते एकट्या पुरुषाला उघडता येत नाही. एलायझा वायल्डर यांनी मुलींच्या शिक्षणात लक्ष घातले. वायल्डर यांच्या सुमारे तीस वर्षांच्या सेवेत ३,३०० हून अधिक विद्यार्थी शाळांत आले व त्यांत ३०० मुली होत्या, अशी नोंद त्यांच्या निधनानंतरच्या अमेरिकन चरित्रकोशात आढळते. आज हा मुलींचा आकडा लहान वाटेल. त्या काळाच्या मानाने तो लहान नव्हता. बायबलच्या मराठी भाषांतराची तपासणी करणाऱ्या समित्यांवरही वायल्डर यांनी काम केले.

कसोटीचा काळ

कुटुंबाची खरी कसोटी मात्र आपल्याच माणसांकडून झाली. ज्या अमेरिकन मंडळाने त्यांना पाठवले होते, त्याचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या पाहणीसाठी आले. मिशनने शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, शक्ती खर्च करू नये, उपदेश व स्थानिक मंडळ्यांची उभारणी यांवर भर द्यावा, असे त्यांचे मत होते. या मताला आधार होता. स्थानिक ख्रिस्ती समाज परदेशी पैशावर कायमचा अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू आजही विचार करण्याजोगा आहे. परंतु शाळा बंद केली तर गावाशी जोडणारा धागाच तुटेल, असे वायल्डर यांना वाटत होते. त्यांनी आपली बाजू १८६१ साली ‘मिशन स्कूल्स इन इंडिया’ या ग्रंथाद्वारे मांडली. अखेर मंडळाशी त्यांचा संबंध तुटला.

आता प्रश्न कुटुंबाचा होता. मंडळाचे वेतन नाही, निवृत्तीची सोय नाही आणि मुले लहान. मधल्या काळात अमेरिकेस गेलेल्या या दांपत्याला तेथेच राहता आले असते. तसे न करता १८६१ साली, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले त्याच वर्षी, ते स्वतंत्रपणे कोल्हापुरास परतले. पुढील जवळजवळ दहा वर्षे मित्र व हितचिंतक यांच्या साहाय्यावर त्यांनी काम चालवले. १८७० च्या सुमारास अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळाने हे कार्य आपल्याकडे घेतले. पाठवणारे कोणी नसतानाही जेथे माणूस परत येतो, ते गाव त्याचे झालेले असते. आमच्या मते वायल्डर कुटुंब कोल्हापूरचे झाले ते १८५२ मध्ये नव्हे, तर १८६१ मध्ये.

मुलांची वाट

रॉबर्ट वायल्डर यांचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातच झाला. प्रकृतीच्या कारणास्तव १८७५ मध्ये कुटुंब अमेरिकेस परतले. तेथे प्रिन्स्टन येथे वडिलांनी १८७८ पासून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवले. रॉबर्ट यांनी प्रिन्स्टन येथे व त्यांची बहीण ग्रेस यांनी माउंट होल्योक येथे शिक्षण घेतले. विद्यार्थ्यांमधून मिशनसेवक पुढे यावेत यासाठी ही भावंडे एकत्र प्रार्थना करीत. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनकार्यास जाण्याची तयारी दर्शवली. त्यामागे रॉबर्ट यांची प्रेरणा होती. त्यातूनच १८८८ मध्ये विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली आणि पुढील काही दशकांत हजारो तरुण तरुणी जगभर गेल्या. एका जगव्यापी चळवळीच्या मुळाशी कोल्हापुरातील घरात झालेले संस्कार होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

वडिलांचे १८८७ मध्ये न्यूयॉर्क येथे निधन झाले. त्यानंतर वृद्ध एलायझा आणि कन्या ग्रेस अमेरिकेत राहिल्या नाहीत, त्या पुन्हा कोल्हापूरला आल्या. रॉबर्टही १८९२ मध्ये विवाहानंतर हिंदुस्थानात आले व त्यांनी विद्यार्थ्यांमध्ये काम केले. कोल्हापुरातील वायल्डर मेमोरियल चर्च आजही या कुटुंबाचे नाव सांगते.

जवळच्या मिरजेचा दाखलाही येथे द्यावयास हवा. डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस व त्यांच्या पत्नी मेरी १८८९ साली या भागात आले. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले व पुढे ते दूरवर ख्याती पावले. मेरी यांची कबर याच देशात झाली. कोल्हापुरातील रुग्णालयाला दिलेले त्यांचे नाव लोकांच्या तोंडी आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

ही कुटुंबे आपल्या पंथाची नव्हती. तथापि द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशात आपल्याला शिकवले आहे की, विभक्त बंधुभगिनींच्या जीवनातील ख्रिस्ताची संपत्ती आपण आनंदाने ओळखावी. शिवाय कुटुंबाने केलेले प्रेषितकार्य कॅथोलिक श्रद्धेला परके नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अक्विला व प्रिस्किल्ला हे दांपत्य आपल्याला भेटते. रोममधून घालवून दिलेले हे पतिपत्नी करिंथ येथे राहुट्या करण्याचा व्यवसाय करीत. त्यांनी संत पौलाला आपल्या घरी ठेवून घेतले आणि पुढे इफिस येथे अपुल्लोला अधिक नीट शिकवण दिली. त्यांच्या घरी मंडळी जमत असे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात व १९९० च्या मिशनकार्यावरील परिपत्रकात प्रापंचिक कुटुंबांच्या या पाचारणाचा पुनरुच्चार केला.

आपल्यासाठी बोध

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. गावाबाहेरच्या मिशनच्या आवारात राहणाऱ्या कुटुंबांना सुरक्षितता मिळाली, पण काही ठिकाणी त्याच कुंपणामुळे नवे ख्रिस्ती आपल्या शेजाऱ्यांपासून दुरावले. शाळा व रुग्णालये यांनी ते अंतर पुष्कळ कमी केले, कारण तेथे सर्व धर्मांचे लोक येत.

आज नोकरी, शिक्षण वा बदलीच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे कळंब्यासारख्या उपनगरांत किंवा लहान तालुक्याच्या गावी राहावयास जातात. चर्च दूर असते, आळीत दुसरे ख्रिस्ती घर नसते, रविवारची मिस्सा चुकण्याची भीती असते आणि मुलांना धर्मशिक्षण कोण देणार ही चिंता असते. अशा कुटुंबांना आपण एकाकी पडलो आहोत असे वाटणे साहजिक आहे. त्यांनी गावाची भाषा व रीतीभाती आपल्याशा कराव्यात, शेजाऱ्यांच्या सुखदुःखात सहभागी व्हावे आणि घरातील सायंप्रार्थना सोडू नये. जेथे ही प्रार्थना होते तेथे ख्रिस्तसभा आहेच. धर्मग्रामाचेही कर्तव्य आहे की, दूर गेलेल्या कुटुंबाचे नाव यादीतून गळू देऊ नये, त्यांची विचारपूस करावी व सणासुदीला त्यांना आवर्जून बोलवावे.

दर वर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह पाळला जातो. त्या दिवसांत आपण वायल्डर व वॉनलेस या कुटुंबांचे कृतज्ञतेने स्मरण करू या, तसेच परक्या गावी नवे घर मांडणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबासाठी नाझरेथच्या पवित्र कुटुंबाची मध्यस्थी मागू या.